टॅबवर चित्रं काढायला तिसरा पेन कुठला घेऊ?

जुनावाडा

मंडळी, प्रश्न अडाणीपणाचा वाटला तर सांभाळून घ्या.

निवृत्त झाल्यापासून पुण्यातले उरलेसुरले वाडे चितारत हिंडतो. घडीचं स्टूल, चित्रकलेची वही, टू बी पेन्सिल आणि काळी शाई. वाडा पुनर्विकासाला गेला तरी त्याची दिंडी, सुरूदार खांब, महिरपी कागदावर राहाव्यात, एवढाच उद्योग. गेल्या दिवाळीत मुलाने टॅब हातात दिला. "बाबा, आता कागदांची चळत पुरे." चळतीबद्दल सौ.चंही तेच मत असल्याने मी वाद घातला नाही.

तपकीर गल्लीतून एक स्टायलस आणला, सव्वाशे रुपयांचा. टोकाला शेंगदाण्याएवढं काळं रबर. कसब्यातल्या एका वाड्याचा दरवाजा काढायला बसलो, तर रेघ कुठे उमटतेय तेच दिसेना, सगळं रबराखाली झाकलेलं. दाबा नाहीतर अलगद धरा, रेघेची जाडी तीच. तळहात टेकला की खाली भलताच फराटा. पाऊण तास हात अधांतरी धरून खांदा भरून आला.

मग दुसरा पेन घेतला. हा चार्जिंगचा, बारीक टोकाचा, नऊशे रुपयांचा. विकणारा म्हणाला, "काका, सगळ्या टॅबला चालतो." चालतो खरा. टोक बारीक आहे, पण दाबाचं रडगाणं तेच, तळहाताचंही तेच. वर नवीन दुखणं म्हणजे तिरकी रेघ सावकाश ओढली की ती नागमोडी येते. माझा हात थरथरत नाही हो! शाईने तीच रेघ आजही एका दमात सरळ येते.

तर तिसरा पेन कुठला घेऊ?

पेनकाढू

कुठलाच घेऊ नका. आधी टॅबचं मॉडेल सांगा.

सदाशिवपेठी_उपरा

सव्वाशे अधिक नऊशे, एक हजार पंचवीस. एवढ्यात अप्पा बळवंत चौकातून वर्षभराचा कागद आला असता आणि परत येताना बाकरवडीही.

तांब्याची_तार

पेनकाढूंनी दुखऱ्या जागीच बोट ठेवलंय. काका, जरा लांबण लावतो, कारण हे एकदा समजलं की दुकानदाराला चार प्रश्न तुम्हीच विचाराल.

तुमच्या टॅबच्या काचेखाली अतिशय बारीक, पारदर्शक वाहकांची उभी-आडवी जाळी असते. बोट जवळ आलं की त्या ठिकाणचा विद्युतभार किंचित बदलतो, कारण आपलं शरीर वीज वाहून नेतं. कुठल्या उभ्या आणि कुठल्या आडव्या ओळीत बदल झाला यावरून टॅब जागा ठरवतो. म्हणजे तो स्पर्शाचा दाब मोजतच नाही. त्यामुळे बोटाऐवजी काकडीचा तुकडा हातात धरून फिरवलात तरी टॅब चालतो. खोटं वाटत असेल तर करून बघा, फक्त नंतर काच पुसा.

आता ही सगळी यंत्रणा बोटाच्या हिशेबाने बसवलेली. त्याहून फार लहान ठिपका आला की ती त्याला गडबड समजून सोडून देते. तुमच्या पहिल्या पेनाचं रबर जाडजूड का, याचं उत्तर हे. जाड नसतं तर टॅबने त्याला जुमानलंच नसतं.

दुसऱ्या, नऊशेच्या पेनात बॅटरी असते. ती टोकापाशी असा संकेत तयार करते की बारीक टोकही टॅबला बोटासारखं भासावं. म्हणजे पेन सोंग वठवतो, पण सोंग बोटाचंच. टॅबच्या लेखी तुमचं बोट, तळहात आणि तो पेन हे तिघे एकाच जातीचे. मग तळहात वगळायचा तरी कसा? दाब तर पेन सांगतच नाही, सांगितला तरी ऐकायला पलीकडे कोणी नाही.

नागमोडी रेघेचा दोष तुमच्या हाताचा नाही. त्या जाळीच्या ओळी एकमेकींपासून काही मिलिमीटर अंतरावर असतात. टोक दोन ओळींच्या मधे असलं की टॅब दोन्हीकडच्या संकेतांवरून अंदाज बांधतो. तिरक्या रेघेत टोक एकेक ओळ ओलांडत जातं आणि प्रत्येक ओलांडणीला अंदाज किंचित चुकतो. त्याचीच लाट दिसते. रेघ भरकन ओढली की चूक झाकली जाते, सावकाश ओढली की उघडी पडते.

जुनावाडा

काकडी नव्हती, तोंडल्यावर भागवलं. चालतं! सौ. म्हणाली, भाजीचं तोंडलं होतं ते.

मुलाला फोन करून खोकं तपासायला लावलं. त्यावर पेनाचं नावसुद्धा नाही.

तांब्याची_तार

मग झालं. खरा पेन आणि टॅब ही जोडी असते, किल्ली-कुलुपासारखी. तुमच्या काचेखाली कुलूपच नाही, किल्ल्या किती बदलाल?

ज्यांच्यात आहे त्यांची दोन मुख्य घराणी. एकात पडद्यामागे तारांच्या वेटोळ्यांचा वेगळा पत्रा असतो. तो चुंबकीय क्षेत्र तयार करतो, पेनातलं वेटोळं त्यावर झंकारतं आणि आपली जागा परत कळवतं. टोक दाबलं की त्या झंकाराची वारंवारता बदलते, त्यातून दाब समजतो. पेनात बॅटरी नको. १९८३ साली जपानात सुरू झालेल्या वॅकॉम कंपनीचं हे तंत्र. सॅमसंगने २०११ च्या गॅलेक्सी नोटमध्ये एस पेन आणला तो यावरच. याचा फायदा असा की या घराण्यातला एक पेन बऱ्याचदा दुसऱ्या टॅबवरही चालतो. स्टेडलरची ती लाकडी पेन्सिलीसारखी दिसणारी नोरिस डिजिटलही यातलीच.

दुसऱ्या घराण्यात पेनात बॅटरी असते आणि तो बोटाच्याच जाळीशी बोलतो, पण स्वतःच्या सांकेतिक भाषेत. ॲपलची पेन्सिल, मायक्रोसॉफ्टचे पेन, यूएसआय नावाचं सामायिक मानक, सगळे इथले. ज्याची भाषा ज्याला कळते त्याच्याशीच त्याचं जमतं.

सदाशिवपेठी_उपरा

म्हणजे पत्रिका जुळवून घ्यायची. हे आधी सांगायचं ना!

शाईचा_डाग

काका, मी गेली काही वर्षं मुलांच्या पुस्तकांची चित्रं टॅबवरच काढते, तर थोडं अनुभवाचं.

२००७ मध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्जने स्टायलसची चक्क टर उडवली होती. २०१५ मध्ये त्याच कंपनीने आयपॅड प्रोसोबत पेन्सिल विकायला काढली. त्या पहिल्या पेन्सिलीची जागा आयपॅड सेकंदाला २४० वेळा तपासायचा, म्हणून रेघ टोकामागे फरफटत येत नव्हती. २०१८ मध्ये दुसरी पेन्सिल आली आणि साध्या आयपॅडलाही पहिली पेन्सिल चालू लागली. इथवर ठीक. पण २०२३ मध्ये यूएसबी-सी वाली स्वस्त पेन्सिल आली, तिला दाब कळत नाही. तिरकेपणा कळतो, दाब नाही. नोट्स काढायला उत्तम, शाईसारखी जाड-बारीक रेघ हवी असेल तर निरुपयोगी. नाव एकच असल्याने ओळखीतल्या दोघी फसल्या. बाजारात दीड-दोन हजारांना मिळणाऱ्या आयपॅडच्या 'पेन्सिली'ही बहुतेक तशाच. तळहात टेकलेला चालतो, रेघ बारीक येते, दाब नाही.

सॅमसंगच्या ज्या टॅबसोबत एस पेन खोक्यातच येतो, त्यांत दाब आहे. खोक्यावर दाबाच्या ४०९६ पातळ्या लिहिलेलं असेल, कुठे ८१९२. त्या आकड्यांना भुलू नका. हाताला एवढा फरक कळत नाही. मला विचाराल तर पेन किती अलगद टेकवला की रेघ उमटायला सुरुवात होते, हे त्याहून जास्त महत्त्वाचं. काही पेनांना आधी चांगलं रेटावं लागतं, त्यांच्यावर केसासारखी बारीक रेघ येतच नाही.

आणखी एक. स्वस्त टॅबमध्ये वरची काच आणि खालचा पडदा यांत फट असते. टोक इथे, रेघ जरा खाली खोल, असं वाटत राहतं. सवय होते, पण वाड्याच्या कोरीव कामात चिडचिड होईल.

पेनकाढू

+१. आणि कागदासारखा खरखरीत वाटणारा स्क्रीनगार्ड लावाल तर पेनाचं टोक झिजतं. जादा टोकं घेऊन ठेवा.

चिंचपाणी

मधेच घुसते, माफ करा. मुलगी आठवीत आहे, चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसणार आहे. टॅब मागतेय. सरावाला उपयोग होईल का? बजेट अगदी बेताचं.

खडूफळा

ताई, चित्रकला शिक्षक होतो, म्हणून स्पष्ट सांगतो. परीक्षा कागदावर आहे. स्मरणचित्रात ठरलेल्या वेळात तिला कागदावर माणसं उभी करायची आहेत. पोस्टर कलरचा वॉश किती ओला धरायचा, वाळल्यावर तो किती फिका पडतो, ते टॅब शिकवणार नाही. टॅबवर दोन बोटं टेकवली की चुकलेली रेघ जाते. ही सवय परीक्षेच्या दोन महिने आधी लागू देऊ नका.

परीक्षा झाल्यावर मात्र जरूर द्या. रंगसंगतीचे दहा पर्याय दहा मिनिटांत करून बघता येतात. आम्हाला त्यासाठी ट्रेसिंगचे दहा कागद लागायचे.

शाईचा_डाग

ताई, बजेट बेताचं असेल तर पडद्याचा टॅब नकोच. पेन टॅबलेट नावाची काळी पाटी मिळते, वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेनची. ती कॉम्प्युटरला जोडायची, पाटीवर काढायचं आणि वर मॉनिटरवर बघायचं. दाब अगदी व्यवस्थित कळतो. कितीतरी मॉडेल्स केबलने अँड्रॉइड फोनलाही जोडता येतात. पहिले पंधरा दिवस हात एकीकडे, डोळे एकीकडे अशी गत होते, नंतर लक्षातही राहत नाही. क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे.

चिंचपाणी

दोघांचे आभार. सर, "चुकलेली रेघ जाते" हे वाक्य मुलीला वाचून दाखवलं. म्हणाली, म्हणून तर हवाय!

बोरूबहाद्दर

इथे सगळे दाबावर बोलताहेत, आमच्या दुःखाला वाचा कोण फोडणार?

सुलेखनात दाब दुय्यम, कोन महत्त्वाचा. बोरूच्या टोकाची तिरपी छाट, आणि हात फिरला तरी तो कोन तसाच धरून ठेवणं, यातूनच देवनागरी अक्षराची जाड-बारीक वळणं येतात. बहुतेक ॲप्समधले 'कॅलिग्राफी' ब्रश रेघेच्या दिशेनुसार स्वतःच गिरक्या घेतात. 'क'ची गोलाई काढा, सगळीकडे सारखीच जाड, जणू गाडीचा टायर. ब्रशच्या सेटिंगमध्ये शिरून हे फिरणं बंद करायचं, टोक चपटं ठेवायचं, कोन कायम करायचा आणि दाबाने जाडी बदलणं शून्यावर आणायचं. मग अक्षर बोलायला लागतं. गंमत म्हणजे एवढं केलं की काकांचा नऊशेचा पेनही मोठ्या अक्षरांना चालतो, कारण दाबाची गरजच उरत नाही.

पेन स्वतःभोवती फिरवला की टोकही फिरावं, हे सुख २०२४ च्या ॲपल पेन्सिल प्रोमध्ये आणि वॅकॉमच्या आर्ट पेनमध्ये आहे. मी एका मित्राचा वापरून पाहिला. दोन दिवस परत दिला नाही.

जुनावाडा

सर्वांचे आभार. टॅब बदलायचं ठरवलंय. पण दुकानात गेल्यावर नेमकं काय बघू? आणि एक गुपित फोडतो, वर्षअखेर बारा वाड्यांचं कॅलेंडर छापून नातेवाइकांना वाटायचा विचार आहे.

पेनकाढू

शिसाची पेन्सिल नेता तशी प्लॅस्टिकची फूटपट्टी खिशात घालून जा. पडद्यावर तिरकी ठेवा आणि तिच्या कडेने पेन अगदी गोगलगायीच्या चालीने ओढा. लाट दिसली तर बाहेर या. स्टीलची पट्टी नेऊ नका, हातात धरलेल्या धातूला स्क्रीन बोट समजेल. मग तळहात पूर्ण टेकवून सही करा. मग एकच रेघ हलकी सुरू करून दाबत न्या, उंदराच्या शेपटीसारखी उलटी. पडद्याच्या चारही कोपऱ्यांत करा, फक्त मधोमध नको. विक्रेता घाई करेल. करू द्या, पैसे आपले आहेत.

छापखाना

कॅलेंडर म्हणालात म्हणून आलो. आमच्याकडे दर डिसेंबरात कोणीतरी टॅबवर काढलेलं सुंदर चित्र घेऊन येतं आणि रडत जातं.

पहिली गोष्ट आकार. ए फोर पान इंचाला ३०० बिंदूंनी छापायचं तर चित्र २४८० बाय ३५०८ बिंदूंचं हवं. हे चित्र सुरू करताना ठरवायचं. छोटं काढून मागून ताणलं की कडा फुटतात. मोठ्या चित्राला मेमरी लागते. ॲपमध्ये चित्र एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसं थरांत काढतात, त्यातला या आकाराचा एक थर साधारण ३५ एमबी खातो, म्हणून ॲप तुम्हाला थर मोजूनमापून देतं. टॅब घेताना रॅम बघा ते यासाठी.

दुसरी गोष्ट रंग. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, लाल-हिरवा-निळा. आम्ही चार शाईंनी छापतो. पडद्यावरचा झगझगीत पोपटी किंवा मोरपंखी कागदावर मंदच होणार, त्यात छापणाऱ्याचा दोष नसतो. वाड्यांच्या चित्रात लाकूड, वीट, चुना, म्हणजे फार त्रास नाही. आकाशाच्या निळ्याला तेवढं जपा. आणि बारा पानं छापण्याआधी एका पानाचं प्रूफ काढून घ्या, हट्टाने.

जुनावाडा

महिन्याने धागा वर काढतोय.

तीन दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी नमुन्याच्या टॅबचा पेनच गायब, "साहेब, पेन कपाटात आहे आणि किल्ली घरी." दुसरीकडे फूटपट्टी काढल्यावर पोरगा असा बघायला लागला की मी पडद्याची लांबीच मोजतोय. शेवटी भाच्याचा जुना एस पेनवाला टॅब पट्टीच्या परीक्षेत पास झाला आणि दुकानांपेक्षा स्वस्तात घरी आला. रेघ सरळ येते. दाबली की जाड होते. तळहात टेकवून बसतो, खांदा निवांत.

पण मंडळी, एक वेगळीच गंमत झाली. ॲपमध्ये रेघ सावरून घेण्याची सोय आहे, ती चढवून ठेवली होती. रेघ सरळ करून देणारी युक्तीही सापडली. चार दिवसांत वाडा पूर्ण. त्या वाड्यात पन्नास वर्षं राहिलेल्या आजींना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे. कुणाचा वाडा हा?"

घरी येऊन वहीतलं जुनं रेखाटन शेजारी ठेवलं. वहीत डावा खांब बाहेर झुकलेला, तुळई मधे दबलेली, दरवाजाची चौकट एका अंगाला कललेली. टॅबवर सगळं ताठ उभं. ॲपने माझ्या रेघेबरोबर वाडाही सावरला होता! आता ती सोय शून्यावर आणलीय.

खडूफळा

व्वा! हा प्रतिसाद मुलांना वाचून दाखवणार.

सदाशिवपेठी_उपरा

महापालिकेला ते ॲप द्या, रस्त्यांसाठी.

शाईचा_डाग

काका, पूर्ण शून्य नको, अगदी थोडं ठेवा. आणि बाहेर बसून काढता का टॅबवर?

जुनावाडा

एकदाच प्रयत्न केला. विश्रामबागवाड्यासमोर सकाळी दहाला. दुसऱ्या बाजीरावाच्या त्या लाकडी दर्शनी भागापेक्षा काचेत माझं टक्कलच स्पष्ट दिसत होतं. टॅबही तापला. तेव्हा आता जागेवर वही आणि टू बी, घरी येऊन त्या पानाचा फोटो खालच्या थरावर आणि वर रंगकाम. कागदांची चळत वाढतेच आहे, हे घरात अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

एक शेवटची अडचण. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात, साधारण दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत पेन उमटत नाही. बोट उमटतं. घेताना पेनकाढूंनी सांगितल्याप्रमाणे चारही कोपरे तपासले होते, तेव्हा ठीक होतं. आता नेमकं अंगणातलं तुळशीवृंदावन तिथेच येतंय. टॅब बिघडला का?

तांब्याची_तार

तपासल्यानंतर कव्हर घेतलंत का? मिटल्यावर खटकन चिकटणारं?

जुनावाडा

हो, भाच्यानेच दिलं. चित्र काढताना मागे दुमडून ठेवतो.

तांब्याची_तार

त्यात चुंबक आहे. तुमचा पेन चुंबकीय क्षेत्रावर चालतो, चुंबक मागे आला की तेवढी जागा आंधळी होते. कव्हर काढून बघा.

जुनावाडा

काढलं. वृंदावन उमटलं. पणतीचा कोनाडासुद्धा.